उत्तरापूर्वीचा काळ

प्रार्थना करणे तितकेसे अवघड नसते. दुःख अंगावर आले की हात आपोआप जोडले जातात. ते कोणी शिकवावे लागत नाही. अवघड असतो तो त्यानंतरचा काळ. मागणे मागून झालेले असते, उत्तर आलेले नसते, आणि दिवस मात्र नेहमीच्याच गतीने उगवत व मावळत असतात. आम्हां ख्रिस्ती घरांतील मुलांना प्रार्थनेचे शब्द शिकवले गेले, प्रार्थनेची वेळ लावून दिली गेली. परंतु या मधल्या काळात कसे जगावे, हे फारसे कोणी सांगितले नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या दीर्घ आजारपणात त्याचा विचार करणे मला भाग पडले, आणि त्या विचाराने प्रार्थनेविषयीची माझी समजूत पुष्कळ अंशी बदलली.

ताई दौंडला राहत असे. पुणे-सोलापूर लोहमार्गाला मनमाडकडून येणारा मार्ग जेथे मिळतो ते हे जंक्शनचे गाव. मेहुणे रेल्वेत होते. मी शिरूरला, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या घोडनदीला, शिक्षक होतो. ताईची दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे निदान झाले आणि काही महिन्यांतच आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले. प्रत्येक खेपेस चार तास. पाणी मोजून प्यायचे. उन्हाळ्यात दौंडसारख्या गावी तहानेवर असे बंधन घालून घेणे म्हणजे काय, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. मेहुण्यांना मधुमेह होता, त्यामुळे ते किडनी देऊ शकत नव्हते. माझ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मलाही नकार दिला. मग एकच वाट उरली. मेंदुमृत व्यक्तीच्या अवयवदानातून किडनी मिळावी यासाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत ताईचे नाव नोंदवण्यात आले.

त्या दिवसापासून आमच्या मंडळीच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत ताईचे नाव नित्य येऊ लागले. प्रार्थनेचे शब्द ठरून गेले होते. आमच्या बहिणीला लवकर किडनी मिळू दे, वैद्यांच्या हातांना यश दे. या शब्दांत काही वावगे आहे, असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. पुढे एकदा ताई घोडनदीला आली असता त्या सभेस बसली. प्रार्थना संपल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली, “माझ्यासाठी असं मागू नका. ज्या दिवशी मला किडनी मिळेल त्या दिवशी कुणाच्या तरी घरी प्रेत असेल. तो दिवस लवकर यावा, असं मी देवाजवळ कसं मागू?”

सभेत शांतता पसरली. एका ज्येष्ठ बाईंनी विचारले, “मग काय मागायचं, बाई?” ताई म्हणाली, “आधी त्या घरासाठी मागा. मग माझं नाव घ्या.”

या एका वाक्याचा अर्थ उलगडायला मला बराच काळ लागला. प्रतीक्षायादीतल्या रुग्णाला किडनी मिळते ती बहुधा अशा माणसाची, जो सकाळी धडधाकट घराबाहेर पडला होता. अपघात होतो, मेंदूत रक्तस्राव होतो, अतिदक्षता विभागाबाहेर त्याची आई बसून राहते. ती आईही प्रार्थना करीत असते. तिचा देव कोणत्या नावाचा आहे, हा प्रश्न येथे गौण आहे. आपल्या मुलाने डोळे उघडावेत एवढेच ती मागत असते. म्हणजे एकाच रात्री, एकाच सिंहासनापुढे दोन प्रार्थना पोहोचतात, आणि एकीचे उत्तर दुसरीच्या नकारात दडलेले असते. आपण मात्र आपल्या वाट्याचा विलंब तेवढा पाहतो आणि विचारतो, देवा, तू ऐकत का नाहीस? त्या रात्री तो आणखी कोणाचे ऐकत होता, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही.

मागणाऱ्याने केवळ स्वतःकडे पाहिले म्हणजे प्रार्थनेला खाजगी कराराचे रूप येते. मी विश्वास ठेवायचा, त्याने द्यायचे. विलंब झाला तर कराराचा भंग कोणाकडून झाला, याचा शोध सुरू होतो. ताईच्या भेटीला येणाऱ्यांत असे शोधक बरेच होते. सदिच्छेनेच येत. उपास-प्रार्थना झाल्या, तेल लावून प्रार्थना झाल्या, आणि प्रकृतीत फरक पडेना तेव्हा एका गृहस्थांनी तिला सुचवले की कोठे तरी विश्वास उणा पडत असावा, अंतःकरण तपासून पाहावे. ताईने त्यांना चहा दिला आणि विषय बदलला. मला मात्र ते बोलणे आजही क्षमा करण्याजोगे वाटत नाही. जो आधीच रोगाचा भार वाहतो आहे त्याच्या खांद्यावर अपराधाचा भार ठेवणे, हे कोणत्याही धर्मात पुण्यकर्म असू शकत नाही. ख्रिस्ती शास्त्रात तर त्याला आधारच नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो काटा राहिला. गेथशेमाने बागेत प्रत्यक्ष प्रभूने हा प्याला टळावा असे मागितले आणि तो टळला नाही. या दोघांचा विश्वास उणा होता, असे म्हणण्यास कोण धजेल? भाऊ आजारी असल्याचा बेथानीच्या बहिणींचा निरोप मिळाल्यावरही येशू होता तेथेच आणखी दोन दिवस राहिला. मार्थेने ते त्याला तोंडावर बोलून दाखवले, आणि शुभवर्तमानकाराने तिचे ते बोलणे झाकून ठेवले नाही. स्तोत्रकर्ता तर, किती काळ, किती काळ, असे पुनःपुन्हा विचारत राहतो. जे शास्त्र अशा प्रश्नांना पूजेच्या पुस्तकात जागा देते, त्या शास्त्राचे वाचक प्रश्न विचारणाऱ्याला अविश्वासी कसे ठरवू शकतात?

शिरूरहून दौंडला जाण्याचा एक रस्ता काष्टीवरून जातो. मी बहुधा दुसऱ्या वाटेने, न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून केडगावमार्गे जात असे. वेळ असला तर केडगावला उतरून मुक्ती मिशनच्या मंदिरात थोडा वेळ बसत असे. या दगडी मंदिराची कोनशिला १८९९ च्या सप्टेंबरात बसवण्यात आली. हा सगळा कोरडवाहू टापू. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या या माळावर पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमीन घेतली, विहिरी खोदल्या, झाडे लावली आणि निराधार स्त्रियांची मुक्ती ही वसाहत उभी केली.

रमाबाईंचे चरित्र आमच्या मंडळ्यांतून सांगितले जाते ते बहुधा सफल झालेल्या प्रार्थनांची मालिका म्हणून. लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती शिबिरात त्यांच्याबरोबर पंधरा मुली होत्या. त्यांनी देवाजवळ मागितले की या संख्येचा वर्ग व्हावा, दोनशे पंचवीस व्हाव्यात. थोड्याच काळात त्याहून अधिक मुली आल्या. १९०५ च्या जानेवारीत आध्यात्मिक जागृतीसाठी रोज प्रार्थना करण्यास सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस केडगावात ती जागृती झाली. या हकिगती खऱ्या आहेत. परंतु त्या अशा रीतीने सांगितल्या की त्यांतला काळ गळून जातो. मागितले आणि मिळाले, एवढेच उरते. मधली वर्षे कोठे जातात?

ती वर्षे पाहण्यासाठी बरेच मागे जावे लागते. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्रतस्थ विद्वान. तीर्थोतीर्थी पुराणे सांगत कुटुंबासह फिरत असत. १८७० च्या दशकातल्या दक्षिणेच्या दुष्काळात या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. उपास, जप, पारायणे चालूच होती. देव साहाय्य करील या निष्ठेत खंड पडला नव्हता. साहाय्य आले नाही. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. अखेरच्या दिवसांत वडिलांनी या धाकट्या मुलीला जवळ घेऊन सांगितले की मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, आयुष्यभर त्याचीच सेवा कर. रमाबाईंनी पुढे वडिलांचा धर्म सोडला, पण हे शब्द आपल्या दुष्काळाच्या आठवणींत आदराने नोंदवून ठेवले. मी ख्रिस्ती आहे; तरीही त्या वृद्ध शास्त्र्याची श्रद्धा मला लहान वाटत नाही. उत्तर न येताही तो देवाशी प्रामाणिक राहिला आणि आपली सर्वांत प्रिय वस्तू त्याच्या स्वाधीन करून गेला. याहून अधिक विश्वास कोणत्या मंडळीत पाहायला मिळतो?

त्यानंतर १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले, लहानगी मनोरमा पदरी राहिली. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. परंतु रमाबाई स्वतः सांगतात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाला हवी असलेली शांती त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी लाभली. दरम्यान १८८९ मध्ये मुंबईत त्यांची मुलींची शाळा, शारदा सदन, सुरू झाली, पुढच्या वर्षी पुण्यास आली, आणि धर्मांतराच्या आरोपावरून उठलेल्या १८९३ च्या वादळात अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. अमेरिकेतील साहाय्यकांनी दहा वर्षांपुरतेच वचन दिले होते. त्याची मुदत संपत आली होती. जॉर्ज म्यूलर आणि हडसन टेलर यांची चरित्रे रमाबाईंनी वाचली होती, आणि केवळ देवावर भिस्त ठेवून संस्था चालवता येते हे त्यांना पटले होते. दोनशे पंचवीस मुली त्यांनी मागितल्या त्या अशा पार्श्वभूमीवर.

त्या मुली आल्या कशा, हे आपण विसरतो. त्या आल्या १८९६-९७ च्या दुष्काळामुळे, ज्यात लाखो माणसे मेली. त्यानंतर १९०० चा गुजरातेतील दुष्काळ आला आणि केडगावातील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. रमाबाईंनी दुष्काळ मागितला नव्हता. त्यांनी मुली मागितल्या होत्या, आणि त्या मुलींमागे मेलेले आईबाप होते, ओस पडलेली गावे होती. हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. त्या स्वतः अशाच एका दुष्काळातून वाचलेली मुलगी होत्या. मध्य प्रांतातील हालांच्या बातम्या कळल्या तेव्हा, आपण याच उपासमारीतून गेलो आहोत या स्मृतीनेच त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. अनंतशास्त्र्यांच्या कुटुंबाने ज्या हाताची वाट पाहिली तो हात त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. वीस वर्षांनी त्यांची मुलगी दुसऱ्यांच्या मुलींसाठी तो हात झाली. याला आईबापांच्या प्रार्थनेचे उत्तर म्हणावे काय? मी म्हणणार नाही. मेलेल्यांच्या वतीने हिशेब मिटवून टाकण्याचा अधिकार जिवंतांना नाही. मला एवढेच दिसते की रमाबाईंनी अनुत्तरित राहिलेल्या त्या प्रार्थनेपासून पाठ फिरवली नाही. तिच्यातूनच त्यांना आपले काम सापडले.

वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे, असे केडगावात कधीच नव्हते. दुष्काळाच्या वर्षी विहिरींचे पाणी संध्याकाळी तळाला जाई आणि पहाटेपर्यंत पुन्हा पाझरे, याबद्दल रमाबाईंनी देवाचे आभार मानले. पण विहिरी खोदण्याचे थांबवले नाही. पुढे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. साधारण शिकलेल्या ग्रामीण बाईला कळावे, ही त्यामागची दृष्टी. वसाहतीतील मुलीच खिळे जुळवीत, मुद्रणशाळेत काम करीत. हे काम दीड दशकाहून अधिक काळ चालले. संस्थेची धुरा जिने पुढे वाहावी अशी अपेक्षा होती ती मनोरमा १९२१ च्या जुलैत मरण पावली. मुलीच्या प्रकृतीसाठी त्या आईने काय मागितले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. त्यानंतरही भाषांतराची शेवटची मुद्रिते तपासण्याचे काम चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

आम्ही शिरूरकर ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत वाढलो तिचाही आरंभ असाच आहे. त्या मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८२६ मध्ये पटकीने वारले. तेरा वर्षांत त्यांच्या प्रचाराला म्हणण्यासारखे फळ आले नव्हते. त्यांच्या सहभागाने तयार झालेला मराठी नवा करार मात्र लोकांच्या हाती राहिला. शिरूरला मिशनचे ठाणे झाले ते त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासवीरांची मोठी नामावळी येते, आणि तिच्या शेवटी स्पष्ट म्हटले आहे की या सर्वांना वचनानुसार फळ मिळाले नाही. आमच्या उपासनांतून हा अध्याय आवडीने वाचला जातो; त्याच्या अखेरीशी मात्र वाचक थांबत नाही. साक्ष देण्याची वेळ आली की ज्यांचे काम झाले आहे तेच उभे राहतात. नोकरी लागली, मूल झाले, रोग बरा झाला. त्यांनी आभार मानावेत हे योग्यच. परंतु ज्याचे काम अजून झालेले नाही तो मागच्या बाकावर बसून ऐकतो आणि हळूहळू त्याला वाटू लागते की आपली कथा सांगण्याच्या लायकीची नाही. मंडळीने त्याला तशी वागणूक देऊ नये, असे मला फार तळमळीने वाटते. उत्तर मिळालेल्याचा विश्वास आपण ऐकतो. उत्तर न मिळताही दर रविवारी येऊन बसणाऱ्याचा विश्वास आपल्यासमोर असतो आणि आपण तो पाहत नाही.

ताईने आपल्या प्रतीक्षेचे काय केले, ते सांगतो. डायलिसिसच्या आदल्या दिवशी तिच्या अंगात त्राण नसे. डायलिसिसनंतरच्या दिवशी थोडी उभारी येई. त्या उभारीच्या दिवशी ती रेल्वे वसाहतीतल्या मुलांची संडे स्कूलची तयारी करून घेई. डायलिसिसच्या खोलीत शेजारच्या खाटांवर जे येत, त्यांची नावे तिने एका वहीत लिहून ठेवली होती. कुरकुंभच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण, यवतकडची एक आजी, पाटसचे एक मुसलमान शिक्षक. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा रक्तगट लिहिलेला असे. मी विचारले, रक्तगट कशाला? ती म्हणाली, “ज्याचा माझाच गट आहे तो यादीत माझ्या पुढे असू शकतो. त्याच्यासाठी मनापासून मागता येतं की नाही, हे मला बघायचं होतं.” “येतं?” “रोज येत नाही. पण मागते.”

प्रार्थनेविषयी यापेक्षा प्रामाणिक उद्गार मी ऐकलेला नाही. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे मनात कधी शंका न येणे, असे मला पूर्वी वाटे. त्या वहीने मला दाखवले की भरवसा हा पुष्कळदा मनाच्या स्थितीपेक्षा आचरणात असतो. मन नकार देत असतानाही जे नाव घ्यायचे ते घेतले जाते. अशा वेळी उच्चारलेले शब्द कोरडे असतील, पण ते खोटे नसतात.

ताईला किडनी मिळाली नाही. एका पावसाळ्यात संसर्ग झाला, आणि काही दिवसांत ती गेली. तिच्या इच्छेप्रमाणे नेत्रदान व्हावे म्हणून आम्ही तत्काळ कळवले, परंतु रक्तातील संसर्गामुळे डॉक्टरांना ते स्वीकारता आले नाही. म्हणजे तेही मागणे पुरे झाले नाही. अंत्यविधीच्या वेळी एकाने मला धीर देताना म्हटले की देवाने तिला बरे करण्याचा आपला मार्ग निवडला. मी त्यांचे आभार मानले. पुनरुत्थानाची आशा मी मानतो, आणि त्या आशेवरच तिला मातीत ठेवून आलो. परंतु तिच्या मृत्यूला तिच्या प्रार्थनेचे उत्तर म्हणण्याची घाई मला तेव्हा करवली नाही, आजही करवत नाही. ज्याचा अर्थ देवाने अजून सांगितलेला नाही तो आपण परस्पर सांगू नये, असे मी मानतो. हे थांबणेही विश्वासाचाच भाग आहे, अशी माझी धारणा आहे.

ती वही माझ्याकडे आहे. तिच्यातली काही माणसे आता नाहीत. काही अद्याप आठवड्यातून दोनदा त्याच खाटांवर जातात, आणि त्यांची नावे बुधवारच्या सभेत घेतली जातात. कुरकुंभच्या त्या तरुणाला ताईनंतर वर्षभराने किडनी मिळाली. त्याचा रक्तगट तिचाच होता. आता तो कामावर जातो. ती किडनी ज्या घरातून आली त्या घराची ओळख नियमाप्रमाणे गुप्त ठेवली जाते, त्यामुळे आमच्या प्रार्थनेत त्या घरासाठी नाव न घेता मागितले जाते, आणि त्याच्या नावाच्या आधी.